नव्या टाकीला चार आठवडे द्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

शाळांना सुट्टी लागली, मुलाचा वाढदिवस आला किंवा नव्या घराची वास्तुशांत झाली की अनेक घरांत माशांची टाकी येते. दुकानातला माणूस त्याच संध्याकाळी टाकी बसवतो, नळाचे पाणी भरतो, निळ्या बाटलीतले चार थेंब टाकतो आणि तासाभरात मासे सोडून निघून जातो. तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून एकेक मासा तळाशी आडवा पडलेला दिसू लागतो. मग घरातले कोणीतरी म्हणते, ‘घरावरचे संकट माशाने स्वतःवर घेतले.’ कोणाच्या श्रद्धेला धक्का लावायचा नाही. पण या समजुतीमुळे मासा का मेला हे कोणी विचारतच नाही आणि पुढच्या रविवारी त्याच पाण्यात नवा मासा सोडला जातो. तोही आठवडाभरात जातो. या बहुतेक माशांचे मरण टाळता येण्यासारखे असते, म्हणून हे पत्र जरा विस्ताराने लिहीत आहोत.

खाल्लेल्या प्रथिनांतला टाकाऊ भाग मासा मुख्यतः कल्ल्यांवाटे, अमोनियाच्या रूपात बाहेर टाकतो. नदीत किंवा तळ्यात तो अफाट पाण्यात विरून जातो. टाकीत त्याला जायला वाट नसते. थोडा हिशेब करून पाहा. ४० टक्के प्रथिने असलेले एक ग्रॅम खाद्य माशांनी खाल्ले, तर साधारण ३० ते ४० मिलिग्रॅम अमोनिया पाण्यात येतो. दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच अशी जी टाकी बहुतेक घरांत असते, तिची क्षमता ५६ लिटर. खडी आणि वरची मोकळी जागा वजा केली की प्रत्यक्ष पाणी उरते ४५ लिटरच्या आसपास. म्हणजे एका ग्रॅम खाद्याने लिटरमागे पाऊण मिलिग्रॅम अमोनिया वाढला. न खाता तळाशी कुजलेल्या खाद्यातून तर याहून जास्त अमोनिया सुटतो. टाकीच्या नव्या मालकाच्या उत्साहात दिवसाकाठी दोन-तीन ग्रॅम खाद्य सहज पडते, आणि हा अमोनिया संपवणारे टाकीत अजून कोणीच नसते.

संपवणारे म्हणजे दोन प्रकारचे जिवाणू. पहिले अमोनियाचे नायट्राइट करतात, दुसरे नायट्राइटचे नायट्रेट करतात. अमोनिया कल्ले जाळतो. नायट्राइट रक्तात शिरून प्राणवायू वाहून नेण्याची ताकद काढून घेतो. नायट्रेट मात्र लिटरमागे ४० मिलिग्रॅमच्या आत असेल तर बहुतेक माशांना सोसते आणि दर आठवड्याच्या पाणीबदलात निघून जाते. हे जिवाणू पाण्यात तरंगत राहत नाहीत. फिल्टरचा स्पंज, खडी, काच, झाडांची पाने यांवर चिकटून वाढतात. त्यांची वाढ संथ असते. २५ ते २८ अंश तापमानात दोन्ही प्रकार पुरेसे वाढायला चार ते सहा आठवडे लागतात. जाणकार याला ‘टँक सायकल होणे’ म्हणतात. लोणचे मुरावे लागते तशी टाकीही मुरावी लागते, आणि घालून झाल्याच्या दुसऱ्या दिवशी बरणी उघडून कोणी लोणचे वाढायला घेत नाही.

मासे आणण्याआधीच टाकी मुरवणे सर्वांत चांगले. टाकी भरून आधी चोवीस तास ठेवावी. कुठून गळते का ते कळते. खडी बादलीत पाणी नितळ होईपर्यंत धुवावी. या टाकीत दीड इंच थराला दहा-अकरा किलो खडी पुरते. खडीवर किंवा दगडावर व्हिनेगरचे थेंब टाकून पाहावेत. फसफसले तर त्यात चुना आहे, तो पाणी कठीण, म्हणजे क्षारांनी जड, करत राहील. शोभेचे शंख-शिंपले याच कारणाने नकोत. फिल्टर लावावा, पाण्यातले क्लोरीन घालवावे, आणि मग जिवाणूंना खायला अमोनिया द्यावा. त्यासाठी रोज चिमूटभर माशांचे खाद्य टाकता येते, किंवा एक सोललेली कोळंबी मलमलच्या पुरचुंडीत बांधून टाकीत लटकवता येते. थोडा वास येईल, पण अमोनिया लवकर चढतो. लिटरमागे २ मिलिग्रॅमच्या आसपास गेला की पुरचुंडी काढून टाकावी.

मोजायला थेंबांचे टेस्ट किट लागते, आणि काटकसर करायची झाली तर ती इथे करू नये. रंगीत दिवे, बुडबुडे सोडणारा शिंपला, प्लास्टिकचा किल्ला या सगळ्यांआधी अमोनिया आणि नायट्राइट मोजणारे किट घ्यावे. काचेच्या नळीत टाकीचे पाणी घेऊन त्यात सांगितलेले थेंब टाकायचे, पाच मिनिटे थांबून रंग तक्त्याशी ताडून पाहायचा. अमोनिया नसेल तर पाणी पिवळे राहते, वाढत गेला तसे पोपटी आणि मग गडद हिरवे होत जाते. पहिल्या आठवड्यात अमोनिया चढताना दिसेल. दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास तो उतरू लागेल आणि नायट्राइट चढू लागेल. हा नायट्राइटचा टप्पा लांबतो, इथेच लोकांचा धीर सुटतो. शेवटी दोन्ही शून्यावर येतात. खात्रीसाठी पुन्हा २ मिलिग्रॅमपर्यंत अमोनिया चढू द्यावा. चोवीस तासांत अमोनियाही शून्य आणि नायट्राइटही शून्य आला तर टाकी तयार. मग निम्म्याहून जास्त पाणी बदलून साठलेले नायट्रेट काढावे आणि दुसऱ्या दिवशी ठरवलेल्या माशांपैकी फक्त एक तृतीयांश आणावेत. उरलेले आठ-दहा दिवसांच्या अंतराने.

हा काळ कमी करण्याचा एक खरा उपाय आहे. ओळखीतल्या कोणाकडे वर्षभर चाललेली, निरोगी माशांची टाकी असेल तर त्या फिल्टरमधला स्पंजाचा तुकडा ओला असतानाच आणून आपल्या फिल्टरमध्ये बसवावा. तो स्पंज पिळला तर तपकिरी, गढूळ पाणी निघते आणि त्याला पहिल्या पावसानंतरच्या मातीसारखा वास येतो. ती घाण नव्हे, तीच टाकीची पुंजी. असा तुकडा मिळाला तर चार आठवड्यांचे काम बरेचदा आठ-दहा दिवसांवर येते. बाटलीत मिळणाऱ्या जिवाणूंवर मात्र आमचा फार भरवसा नाही. त्यातली काही उत्पादने काम करतात, पण उन्हात तापलेल्या टेम्पोतून आणि दुकानातल्या फळीवरून आलेल्या बाटलीत जिवंत काय उरले आहे, हे बाहेरून कळत नाही.

मासे आधीच आणून झाले असतील तर काय? हीच परिस्थिती जास्त घरांत असते. पहिली गोष्ट, खाणे कमी करा. महिनाभर दिवसाआड, तेही दोन मिनिटांत संपेल एवढेच. मासे त्याने उपाशी मरत नाहीत. थंड रक्ताच्या प्राण्याला आपल्यासारखी तीन वेळांची भूक नसते. दुसरी, रोज अमोनिया मोजा आणि तो लिटरमागे पाव ते अर्ध्या मिलिग्रॅमच्या वर दिसला की एक चतुर्थांश ते एक तृतीयांश पाणी बदला. गरज पडल्यास रोज. नायट्राइट दिसू लागले की दर दहा लिटरला एक ग्रॅम साधे मीठ, म्हणजे ४५ लिटरला चहाचा एक सपाट चमचा, विरघळवून घालावे. मिठातला क्लोराइड नायट्राइटला कल्ल्यांतून आत शिरू देत नाही. पाणी बदलाल तेव्हा काढलेल्या पाण्याच्या प्रमाणातच पुन्हा मीठ घालायचे, दर वेळी पूर्ण चमचा नव्हे.

धोक्याची लक्षणे लवकर ओळखता येतात. मासे पृष्ठभागाशी येऊन तोंड उघडझाप करू लागले, कल्ले भराभर हलू लागले, मासे कोपऱ्यात पर मिटून बसले, तर आधी निम्मे पाणी बदला आणि मग कारण शोधा. कल्ले लालभडक, सुजल्यासारखे असतील तर अमोनियाचा संशय घ्यावा, तपकिरी झाले असतील तर नायट्राइटचा. नव्या टाकीत पहिल्या आठवड्यात पाणी दुधाळ होते, तेव्हा मात्र घाबरून सगळे पाणी ओतू नये. ते दुसऱ्याच, वेगाने वाढणाऱ्या जिवाणूंमुळे होते आणि चार-सहा दिवसांत आपोआप निवळते.

आता पाण्याविषयी, कारण प्रत्येक गावाचे पाणी वेगळे. महापालिकेच्या पाण्यात क्लोरीन असते आणि ते माशांचे कल्ले व फिल्टरमधले जिवाणू, दोन्ही मारते. उघड्या बादलीत चोवीस तास ठेवले की बरेचसे उडून जाते, एअर स्टोन, म्हणजे हवेचे बारीक बुडबुडे सोडणारा दगड, लावला तर आणखी लवकर. घाई असेल तर हायपोचे खडे, म्हणजे सोडियम थायोसल्फेट, हा स्वस्त आणि खात्रीचा उपाय. १० ग्रॅम खडे १०० मिलिलिटर पाण्यात विरघळवून ठेवावेत. १० लिटर पाण्याला या द्रावणाचे १ मिलिलिटर पुरते. पावसाळ्यात पाणी गढूळ येते तेव्हा क्लोरीनचे प्रमाण वाढवलेले असते, त्या दिवसांत पाणी बदलण्याआधी वास घेऊन पाहावा. सोसायटीची टाकी धुऊन टीसीएल, म्हणजे क्लोरीनची ब्लीचिंग पावडर, टाकली असेल तर दोन-तीन दिवस पाणी बदलूच नये.

बोअरवेलच्या पाण्यात क्लोरीन नसते, पण दख्खनच्या काळ्या खडकातले हे पाणी बहुधा कठीण असते आणि त्याचा पीएच, म्हणजे पाणी आम्ल की अल्क हे सांगणारा आकडा, ८ च्या आसपास जातो. इथे एक बारकावा लक्षात ठेवण्यासारखा आहे. पाण्यातल्या एकूण अमोनियापैकी विषारी भाग किती, हे पीएच आणि तापमानावर ठरते. २८ अंशांना पीएच ७ असेल तर शंभरात एक भागही विषारी नसतो; पीएच ८ असेल तर सहा-सात भाग असतात. किटवर तोच रंग दिसला तरी बोअरच्या पाण्यातला मासा नऊ-दहापट जास्त विष सोसत असतो. म्हणून मुंबईच्या धरणाच्या मृदू पाण्यात ज्या चुका खपतात त्या बोअरच्या पाण्यात खपत नाहीत. अशा पाण्यासाठी गप्पी, मॉली, प्लॅटी हे मासे निवडावेत. त्यांना कठीण पाणी मानवते. निऑन टेट्रासारख्या मृदू पाण्यातल्या माशाचा हट्ट धरू नये.

काही जण उलट टोकाला जाऊन आरओचे शुद्ध पाणी भरतात. त्यात क्षार जवळपास नसतात. जिवाणू अमोनियाचे रूपांतर करताना पाण्यातली अल्कता, म्हणजे पीएच सावरून धरणारे क्षार, खर्च करतात. आरओच्या पाण्यात ती मुळातच नसल्याने पीएच झपाट्याने घसरतो आणि ६ च्या खाली जिवाणूंचे काम जवळजवळ थांबते. आरओ वापरायचेच असेल तर ते कठीण पाण्यात मिसळून, निम्मे-निम्मे. टँकरच्या पाण्याचा स्रोत दर वेळी बदलू शकतो, त्यामुळे ते आधी बादलीत घेऊन किटने तपासल्याशिवाय टाकीत जाऊ नये.

फिल्टर रात्री बंद करण्याची सवय घरोघरी दिसते. आवाज होतो, वीज जळते ही कारणे. ५ वॉटचा एअर पंप चोवीस तास चालवला तर महिन्याला साडेतीन युनिटांच्या आसपास वीज लागते. आणि बंद केल्याची किंमत मोठी आहे : जिवाणूंना प्राणवायू लागतो, वाहते पाणी थांबले की ते गुदमरतात. रात्री झाडेही प्राणवायू सोडत नाहीत, उलट वापरतात, म्हणून पहाटे मासे पृष्ठभागाशी धापा टाकताना दिसतात. आवाज कमी करायचा तर पंपाखाली स्पंजाचा तुकडा ठेवावा. पंप पाण्याच्या पातळीच्या वर ठेवावा किंवा नळीत नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बसवावा. नाहीतर वीज गेली की टाकीतले पाणी नळीतून उलटे पंपात येते. सॉकेटकडे जाणारी प्रत्येक वायर आधी सॉकेटच्या खाली झोळ देऊन मग वर न्यावी, म्हणजे वायरवरून ओघळणारे पाणी झोळातच ठिबकेल.

भारनियमन असलेल्या भागात एअर पंपावर चालणारा साधा स्पंज फिल्टर घ्यावा आणि तो इन्व्हर्टरवर जोडावा. बंद डब्याचा कॅनिस्टर फिल्टर काही तास बंद राहिला तर आतले पाणी सडते. वीज आल्यावर त्याला सडक्या अंड्यासारखा वास येत असेल तर तो तसाच सुरू करू नये, आतला स्पंज टाकीतून बादलीत काढलेल्या पाण्यात खळबळून घेऊन मगच लावावा. इन्व्हर्टर नसेल तर दर अर्ध्या तासाने मगभर पाणी काढून फूटभर उंचीवरून टाकीत ओतत राहावे. विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हाळ्यात हे जास्त जपावे लागते, कारण २० अंशांना लिटरभर पाण्यात ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो तर ३० अंशांना साडेसातच. झाकण काढून पृष्ठभागावर पंख्याचा वारा सोडला तर बाष्पीभवनाने तापमान दोन-तीन अंश उतरते. हवा दमट असेल, जशी कोकणात, तर फरक कमी पडतो. नाशिक, पुणे, नागपूरच्या थंडीत उलट प्रश्न असतो. लिटरमागे एक वॉट या हिशेबाने ४५ लिटरला ५० वॉटचा हीटर घ्यावा आणि पाणी काढण्याआधी तो बंद करून दहा-पंधरा मिनिटे निवू द्यावा. तापलेली काच पाण्याबाहेर आली की तडकते.

आणि आता ज्या गोष्टीने सर्वांत जास्त मासे मरतात ती. महिन्यातून एकदा माणूस बोलावून टाकी ‘स्वच्छ’ केली जाते : सगळे पाणी काढले जाते, खडी मोरीत नळाखाली घासली जाते, स्पंज पांढरा होईपर्यंत पिळला जातो, नवे पाणी आणि निळे औषध घातले जाते. टाकी आरशासारखी दिसते. पण चार आठवडे कमावलेले जिवाणू नळाच्या क्लोरीनने गेले, उरले ते औषधाने गेले, आणि टाकी पुन्हा पहिल्या दिवसावर आली. दोन दिवसांनी मासे मरू लागतात आणि दोष मात्र पाण्याला किंवा नशिबाला दिला जातो. योग्य रीत अशी : दर आठवड्याला सायफनच्या नळीने तळाची घाण ओढत एक चतुर्थांश पाणी काढायचे, तेवढेच क्लोरीन काढलेले, हाताला टाकीच्या पाण्याएवढेच कोमट लागणारे पाणी हळू ओतायचे. त्याच काढलेल्या पाण्याच्या बादलीत महिन्यातून एकदा स्पंज दोन-तीनदा दाबून परत बसवायचा. काचेवरचे शेवाळ जुन्या एटीएम कार्डाने खरवडले जाते. साबण, डिटर्जंट, फिनेल यांचा हात टाकीजवळही नको. निळे किंवा पिवळे औषध ‘असू दे, चांगले असते’ म्हणून मुख्य टाकीत घालू नये. माणसांची टेट्रासायक्लिनची कॅप्सूल फोडून टाकण्याचा सल्लाही दिला जातो. कठीण पाण्यात ते औषध कॅल्शियम-मॅग्नेशियमला बांधले जाऊन निरुपयोगी होते.

मासे किती आणि कोणते, यावर अर्धे यश अवलंबून असते. लांबी, रुंदी, उंची इंचात मोजून गुणाकाराला ६१ ने भागले की टाकीचे लिटर निघतात. वास्तूसाठी आठ सोनेरी आणि एक काळा असे नऊ गोल्डफिश ठेवावेत, असे सांगितले जाते. गोल्डफिश हा खादाड, भरपूर मल टाकणारा, वीतभर वाढणारा मासा आहे. पहिल्याला ७५ लिटर आणि पुढच्या प्रत्येकाला ४० लिटर धरले तर नऊ माशांना सुमारे ४०० लिटर पाणी लागते, म्हणजे चार फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट उंच अशी टाकी. दोन फुटी टाकीत नऊ गोल्डफिश जगूच शकत नाहीत, मग बाकी कितीही काळजी घ्या. ज्यांना ही संख्या आणि हे रंग पाळायचे आहेत त्यांनी आठ केशरी-सोनेरी प्लॅटी आणि एक काळी मॉली ठेवावी. हे मासे ४५ लिटरच्या मुरलेल्या टाकीत सुखाने राहतात. प्लॅटी सगळे नर घ्यावेत, नाहीतर दोन महिन्यांत पिल्लांनी टाकी भरते. नराचा खालचा पर काडीसारखा निमुळता असतो, मादीचा पंख्यासारखा. टाकी ईशान्येला ठेवायची असेल तर खुशाल ठेवा, फक्त खिडकीचे थेट ऊन तिच्यावर पडू देऊ नका. भरलेल्या टाकीचे वजन पाऊण क्विंटलच्या आसपास जाते, तेव्हा खालचा स्टँड भक्कम हवा आणि मध्ये थर्मोकोलचा ताव.

काचेच्या गोल भांड्यात मासा ठेवू नये. त्यात फिल्टर बसत नाही. फायटर मासा पृष्ठभागावरची हवा घेऊ शकतो म्हणून बाटलीत तग धरतो, पण त्यालाही १५-२० लिटर पाणी, मंद फिल्टर आणि एकटेपणा हवा. दोन नर एकत्र ठेवले तर ते एकमेकांना फाडतात. दुकानात बोटाएवढा दिसणारा ‘शार्क’ आपल्याकडे बासा म्हणून खाल्ल्या जाणाऱ्या पंगासच्या कुळातला आहे, तो मोठ्या तळ्यात मीटरभर होतो. ‘सकर’ काच साफ करतो म्हणून घेतला जातो आणि फूट-दीड फूट वाढतो. मग तो गणपतीच्या तळ्यात किंवा नदीत सोडला जातो. कृपा करून हे करू नका. केरळच्या आणि आंध्रच्या पाण्यात सकर मोकाट वाढले आहेत, आंध्रच्या मत्स्यतळ्यांत त्यांनी शेतकऱ्यांचे नुकसान केले आहे. नको झालेला मासा दुकानाला किंवा मोठी टाकी असलेल्या माणसाला द्यावा.

नवे मासे आणल्यावर पिशवी वीस मिनिटे टाकीत तरंगत ठेवावी, मग अर्ध्या तासात चार-पाच वेळा अर्धा कप टाकीचे पाणी पिशवीत घालावे आणि मासा जाळीने उचलून सोडावा. पिशवीतले पाणी टाकीत ओतू नये, रोग त्यातूनच येतो. शक्य असेल तर नवे मासे दोन-तीन आठवडे वेगळ्या टबमध्ये, स्पंज फिल्टर लावून ठेवावेत. अंगावर रव्यासारखे पांढरे ठिपके दिसले तर तो ‘इक’ हा परजीवी. ठिपक्याच्या आत असताना त्याच्यावर औषध चालत नाही. तो पिकून तळाशी पडतो, फुटून त्यातून शेकडो पिल्ले सुटतात आणि त्यांना एक-दोन दिवसांत मासा सापडला नाही तर ती मरतात. उपचार लागू पडतो तो याच अवस्थेत. म्हणून तापमान हळूहळू ३० अंशांपर्यंत नेऊन, एअर स्टोन वाढवून, लिटरमागे २ ग्रॅम मीठ तीन हप्त्यांत चोवीस तासांत घालून हा उपचार दोन आठवडे चालू ठेवावा लागतो. ठिपके चौथ्या दिवशी दिसेनासे झाले की लोक थांबतात आणि आठवड्याने ते दुप्पट येतात. झाडे आणि कोरीसारखे तळमासे असलेल्या टाकीत एवढे मीठ चालत नाही, तिथे दुकानातले इकवरचे औषध लेबलवर दिलेल्या मात्रेत वापरावे.

घरात पेस्ट कंट्रोल होणार असेल त्या दिवशी टाकीवर ओला पंचा व प्लास्टिक टाकावे आणि तेवढे तास एअर पंप बंद ठेवावा. तो खोलीतली हवाच पाण्यात ओढतो. डासांच्या लिक्विड मशीनमधली आणि कॉइलमधली द्रव्ये माशांना अत्यंत विषारी असतात. ती टाकीच्या खोलीत लावूच नयेत. पोळीचे तुकडे, भात, बिस्किटे टाकू नयेत, लहान मुलांनाही हे समजावून सांगावे. आठवड्यातून एक दिवस माशांचा उपवास ठेवावा.

२०१७ साली केंद्र सरकारने मत्स्यालय विक्रेत्यांसाठी नियम काढले होते. ते त्याच वर्षी मागे घेतले गेले. नियमांची वाट न पाहता दुकानदारांनी स्वतःहून दोन गोष्टी कराव्यात, अशी विनंती आहे. टाकी आणि मासे एकाच दिवशी विकू नयेत. आणि प्रत्येक माशाच्या काचेवर किमतीशेजारी तो पूर्ण वाढल्यावर किती सेंटीमीटर होतो आणि त्याला किती लिटर पाणी लागते, हे मराठीत लिहावे. ज्या दुकानात वर्षानुवर्षे चाललेल्या टाक्या आहेत, तिथल्या मुरलेल्या स्पंजाचा एक तुकडा नव्या फिल्टरबरोबर ओल्या पिशवीत बांधून दिला, तर त्यांना खर्च काही येत नाही.

आपले,
घरी मासे पाळणारे काही वाचक, ठाणे